दहा दिवस, वीस मिनिटं, अर्धं अंगुळ

संध्याकाळी आईचा फोन येतो तेव्हा हिंगणघाटला दिवेलागण झालेली असते. देवाजवळ निरांजन लावायचं, तुळशीपाशी पणती ठेवायची, मग ओसरीवर टेकून मला फोन लावायचा, हा तिचा नेम. इकडे पुण्यात त्या वेळी माझ्या ओट्यावर ऊन असतं. पश्चिमेच्या खिडकीतून आत येऊन ते डाळीच्या डब्यांवर पडलेलं असतं आणि मी कणीक मळत असते.

"काय करून राहिली वं? दिवा लावला का?"

"अजून ऊन आहे, आई."

"अजून ऊनच हाये तिकडं?"

लग्न होऊन पुण्याला आले त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे संभाषण किती वेळा झालं असेल, पण तिच्या आवाजातलं नवल काही कमी झालेलं नाही. संकष्टीला तर ते हटकून वाढतं. दिनदर्शिकेच्या पानामागे गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. त्यात आमच्या भागाची वेळ आधीची आणि पुण्याची साधारण वीस मिनिटांनी नंतरची. आई चंद्राला ओवाळून जेवायला बसते आणि मला सांगते, "माहा उपास सुटला. तुह्याकडं यायचाच हाये तो अजून." चंद्र तिच्या घरून निघून माझ्या घरी यायला वीस मिनिटं घेतो, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून होते. माहेरून येणारी वस्तू जशी वाटेत असते, तसा.

ही वीस मिनिटं म्हणजे रेखांश. हिंगणघाट साधारण ७८.८ अंश पूर्वेला आहे, पुणं ७३.९. मधलं अंतर पाच अंशांना अगदी किंचित कमी. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ आणि एका अंशाला ४ मिनिटं. पाच चोक वीस. शाळेत हे गणित मी कितीदा सोडवलं असेन, पूर्ण मार्कही मिळाले असतील, पण ते गणित आपल्या घराला लागू आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या मापात सांगायचं तर वीस मिनिटं म्हणजे पन्नास पळं. लग्नाच्या घटिकापात्रात जी घटका मोजतात ती पुरी व्हायलाही दहा पळं कमीच.

मग एका वर्षी मी एक उद्योग केला. दोन्ही गावांच्या सूर्यास्ताच्या वेळा हल्ली फोनवर दिसतात. दर रविवारी त्या दिनदर्शिकेत लिहायच्या आणि वजाबाकी मांडायची. वीस येईल, दर वेळी वीसच येईल, अशी माझी खात्री होती. पण डिसेंबरात चोवीस आले. उन्हाळ्यात, मे महिन्यात, सतरा. पुन्हा हळूहळू चढत गेले. पाच चोक वीस कुठेतरी चुकत होतं, आणि चूक अशी ठरलेल्या चालीनं, वर्षभर ये-जा करणारी होती. चुकीला अशी चाल असली की ती चूक नसतेच, तिथे दुसरं काहीतरी लपलेलं असतं.

लपलेला होता तो अक्षांश. हिंगणघाट पुण्याच्या नुसतं पूर्वेला नाही, दोन अंश उत्तरेलाही आहे. उत्तरेला गेलं की हिवाळ्याचा दिवस आणखी लहान होतो आणि उन्हाळ्याचा आणखी मोठा. दोनच अंशांनी डिसेंबरातला आईचा दिवस माझ्या दिवसापेक्षा आठ मिनिटांनी आखूड असतो. त्यातली चार सकाळच्या टोकाला कापली जातात आणि चार संध्याकाळच्या. वीस आणि चार, चोवीस. मे महिन्यात तिचा दिवस लांब, म्हणून तीनेक मिनिटं वजा. नकाशावर आडव्या-उभ्या रेषा एकमेकींना छेदून जातात हे आपण पाहतो, पण त्या रेषा माझ्या आणि आईच्या संध्याकाळीही एकमेकींत अशा गुंतलेल्या असतील हे मला त्या वर्षी दिसलं. तेव्हापासून मी या दोन आकड्यांच्या मागे आहे.

त्यातला अक्षांश मला मनानं सरळ वाटतो. तो शोधायला कुणाला काही विचारावं लागत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिला दोन ध्रुव आहेत, दोन ध्रुव आहेत म्हणून त्यांच्या बरोबर मध्ये विषुववृत्त आहे. माणूस जन्माला आला नसता तरी ते तिथेच असतं. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितका आपला अक्षांश. पुण्यात साडेअठरा, हिंगणघाटात साडेवीस. हात लांब करून एक बोट आडवं धरलं तर त्याच्या जाडीएवढा फरक. आमच्या अंगणातून ध्रुव मला एका बोटानं वर दिसायचा, हे गाव सोडल्यावर कळलं.

आपल्याकडच्या ज्योतिषांनी मात्र रात्रीची वाट पाहिली नाही. त्यांनी सावली धरली. बारा अंगुळांचा शंकू सपाट जागेवर उभा करायचा, आणि दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, म्हणजे २१ मार्चच्या सुमाराला, भर मध्यान्ही त्याची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. ही पलभा म्हणजेच त्या गावाचा अक्षांश, वेगळ्या भाषेत सांगितलेला. पुण्याची पलभा चार अंगुळं येते. हिंगणघाटची साडेचार. मी आकडेमोड करून पाहिली आणि थक्क झाले, इतके ते आकडे स्वच्छ आहेत. अंगुळ कुणाचं, जाड बोटाचं की बारीक, हा प्रश्न इथे उरतच नाही. शंकूचे बारा समान भाग करा आणि त्याच भागानं सावली मोजा, झालं. इंच, सेंटिमीटर, वार, गज, सगळी मापं बदलत राहतील, पण पुण्याची पलभा चारच राहील. माझं सासर आणि माहेर यांत उत्तर-दक्षिण अंतर किती, तर अर्धं अंगुळ.

रेखांशाचं तसं नाही. संत्र्याची साल काढली की फोडी दिसतात, सगळ्या देठापासून तळापर्यंत सारख्या. त्यातली पहिली कुठली? कुठलीही. पूर्व-पश्चिमेला पृथ्वीला सुरुवातच नाही. ती माणसांनी बसून ठरवावी लागते, आणि ज्यानं ठरवली त्यानं आपल्या अंगणातून ठरवली.

आपल्याकडे ती उज्जैनहून ठरली होती. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात ती रेषा लंका, अवंती म्हणजे उज्जैन, रोहीतक, कुरुक्षेत्र अशी सांगितली आहे. यातली लंका म्हणजे विषुववृत्तावरचा एक मानलेला बिंदू. पुढे भास्कराचार्यांनीही हीच मध्यरेखा धरली. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे दर वर्षी सूर्य तिथे डोक्यावर येऊन मागे वळतो, आणि तिथूनच ही उभी रेषा जाते. जागा मोठ्या विचारानं निवडलेली. आपलं गाव या रेषेच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला, ते म्हणजे देशांतर. आणि ते काढायची रीत मला फार आवडते: चंद्रग्रहण. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी लागतं, कारण ते चंद्रावर लागलेलं असतं. पण ज्याच्या त्याच्या गावी तो क्षण वेगळ्या घटकेला येतो. उज्जैनच्या गणितानं ग्रहण रात्रीच्या ज्या घटकेला लागायला हवं, त्याच्या किती घटका-पळं पुढे-मागे ते आपल्या गावात दिसलं, तेवढं देशांतर. दोन गावांमध्ये निरोप पोचायला महिना लागायचा, तेव्हा दोन्ही गावांना एकाच वेळी दिसेल असं एकच घड्याळ होतं, आणि ते आकाशात टांगलेलं होतं.

परवा नकाशा बघताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी बराच वेळ ती बघत बसले. उज्जैनचा रेखांश ७५.८ च्या जरासा आत. तीच रेषा सरळ दक्षिणेला उतरवली तर ती कुठे येते? भुसावळला. माहेर-सासर करताना वर्षानुवर्षं मी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं रात्री ज्या जंक्शनवर जागी झाले, चहा घेतला, खिडकीतून केळीवाल्याला हाक मारली, त्या भुसावळला. आपल्या जुन्या भूगोलाची शून्य रेषा त्या फलाटाच्या आसपास कुठेतरून जाते. तिच्या अलीकडे आईचं गाव, पलीकडे माझं. गाडी रात्रभर धावून जे अंतर कापते ते भर दुपारचा सूर्य वीस मिनिटांत कापतो, मिनिटाला सव्वीस किलोमीटरच्या आसपास.

समुद्रावरच्या लोकांना ग्रहणाची वाट पाहणं परवडणारं नव्हतं. जहाज रोज जागा बदलतं. १७०७ साली इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर ब्रिटिश आरमाराची जहाजं खडकांवर फुटली आणि शेकडो माणसं बुडाली, त्यानंतर १७१४ मध्ये तिथल्या संसदेनं रेखांश शोधणाऱ्याला २०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. उत्तर निघालं ते जॉन हॅरिसन नावाच्या, मुळात सुतार असलेल्या माणसाच्या हातून. त्यानं समुद्रावरही न चुकणारं घड्याळ केलं. बंदरातली वेळ खिशात घेऊन निघायचं आणि डोक्यावरच्या सूर्याशी ताडून बघायची. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, तेव्हा इथे एवढीच पुरे. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देश जमले आणि त्यातल्या २२ जणांनी ग्रीनिचला शून्य मानलं. फ्रान्स तटस्थ राहिला आणि पुढे १९११ पर्यंत पॅरिसच धरून बसला. मला त्यांचा हट्ट समजतो.

मुंबईनंही असाच हट्ट केला होता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ सुरू झाली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. शहरानं ती सहजासहजी सोडली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबईत कुठल्या घड्याळाची वेळ ते विचारावं लागायचं. आज आपण घड्याळात बारा वाजले की दुपार झाली म्हणतो, पण मुंबईच्या डोक्यावर सूर्य सरासरीनं बारा एकोणचाळीसला येतो. हिंगणघाटात सव्वाबाराच्या आसपास. बाबा मिलमध्ये होते. मिलच्या भोंग्यावर सगळं गाव चालायचं, आई भोंग्यावर कुकर लावायची. तो भोंगा आमच्या गावच्या सूर्याचा नव्हता, पूर्वेला साडेतीन-पावणेचार अंशांवरच्या कुठल्यातरी दुपारचा होता.

आता लॅम्बटनबद्दल लिहिते. खरं तर हा सगळा लेख मला त्याच्यासाठीच लिहायचा होता.

विल्यम लॅम्बटन हा कंपनीच्या काळातला फौजेतला अधिकारी. १८०२ च्या उन्हाळ्यात त्यानं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी एक सरळ रेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरची. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत आडवी ठेवायची, वरून तंबूची सावली धरायची, कारण उन्हानं पोलाद वाढतं, शेजारी तापमापक ठेवायचा आणि मग साखळी उचलून पुढे. असं चारशे वेळा. यात दीड महिन्याहून जास्त गेला. ही आधाररेषा. एकदा ती हातात आली की पुढे जमीन मोजावी लागत नाही, कोन मोजले की भागतं. रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीवरचं निशाण बघायचं, दोन कोन मिळाले की त्रिकोण पुरा होतो आणि त्याच्या उरलेल्या बाजू गणितानं निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. असे त्रिकोणावर त्रिकोण ठेवत तो ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपासनं कन्याकुमारीपासून उत्तरेला सरकत राहिला. वीस वर्षं.

कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. पेटीत काय आहे हे कळल्यावर त्यांनी यंत्र पत्रासकट मद्रासला पाठवून दिलं. दोन देश लढत असताना पृथ्वी मोजायचं यंत्र परत करावंसं वाटणं, याची मला कायम अपूर्वाई वाटते. १८०८ मध्ये तंजावरला मोठ्या देवळाच्या उंचीवर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. पितळी वर्तुळ वाकलं. हे वर्तुळ म्हणजे त्या यंत्राचा प्राण, सारे अंश-कला-विकला त्याच्यावर. लॅम्बटन सहा आठवडे तंबूत बसला आणि पाचरी, स्क्रू लावून त्यानं ते केसाकेसानं मूळ गोलाईवर आणलं. मग तेच यंत्र घेऊन पुढे निघाला.

हे सगळं त्यानं का केलं? कंपनीला नकाशे हवे होते, सारा वसूल करायला आणि पलटणी हलवायला, यात शंका नाही. १८१८ ला पेशवाई बुडाली, आणि मोजणीचा दोर अनेकदा तोफेच्या मागोमागच गेला. हे विसरून लॅम्बटनवर लिहिता येत नाही. पण त्याला स्वतःला जे हवं होतं ते साऱ्यापेक्षा मोठं होतं. त्याला पृथ्वीचा आकार हवा होता. ती पुरती गोल असती तर अक्षांशाचा प्रत्येक अंश सारख्या लांबीचा असता. ध्रुवांकडे ती चपटी आहे, म्हणून विषुववृत्तापाशी एक अंश साधारण ११०.६ किलोमीटरचा भरतो आणि ध्रुवापाशी १११.७. हा एक किलोमीटरचा फरक शोधायला तो भारताच्या पाठीच्या कण्यावरून चालला होता. ताऱ्यांवरून अक्षांश घ्यायचा, जमिनीवरून अंतर घ्यायचं, आणि एका अंशात किती जमीन मावते ते बघायचं. आणि तो एकटा नव्हता. निशाणं घेऊन टेकड्या चढणारे, रात्री दिवे धरून उभे राहणारे, झाडं तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे मजूर त्याच्याबरोबर होते. हिवतापानं ते माणसांमागे माणसं मेले. त्यांची नावं फारशी उरली नाहीत.

हैदराबादहून नागपूरकडे जाताना लॅम्बटन वाटेत मेला. तारीख २० जानेवारी १८२३, गाव हिंगणघाट. तेव्हा ते नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं. त्याची कबर आमच्याच गावात आहे.

मी बारावीपर्यंत त्या गावात वाढले. वणा नदी, कापसाच्या गाड्या, मिलचा भोंगा, एवढं माझं हिंगणघाट. भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश-रेखांश शिकले, पण हे आकडे ज्यानं हिंदुस्थानच्या मातीत रोवले तो माणूस आपल्याच गावात झोपलाय हे मला गावात कुणी सांगितलं नाही. पुण्यात आल्यावर वाचनात आलं. २०२३ च्या जानेवारीत दोनशे वर्षं झाली तेव्हा मी मुद्दाम गेले. आईला बरोबर घेतलं. दगडावर हात ठेवला, फूल वाहिलं. आई जरा वेळ बघत राहिली.

"कोन होता वं हा?"

"जमीन मोजणारा."

"म्हंजे पटवारी?"

"हो. सगळ्या पृथ्वीचा."

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मोजणीला आलेल्या माणसाचा मान ठेवायचा असतो, हे तिला शेतकऱ्याच्या घरातून माहीत आहे.

लॅम्बटननंतर जॉर्ज एव्हरेस्टनं ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. कन्याकुमारीपासून साधारण २,४०० किलोमीटर, संपलं १८४१ मध्ये. त्याचं नाव शिखराला मिळालं, राधानाथ सिकदारांनी त्या शिखराच्या उंचीचं गणित केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली एक लहानशी गोष्ट सांगायची आहे. उत्तरेकडच्या एका टप्प्यात जमिनीवरून मोजलेला अक्षांश आणि ताऱ्यांवरून मोजलेला अक्षांश यांत पाच विकलांचा फरक पडला. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. जमिनीवर दीडशे मीटरच्या आसपास. मोजणीत चूक सापडेना. मग लक्षात आलं की ओळंबाच सरळ लोंबत नाही. हिमालय त्याला आपल्याकडे ओढतो. आणि गंमत पुढे आहे, हिमालयाच्या वस्तुमानानं तो जितका ओढला जायला हवा होता त्यापेक्षा बराच कमी ओढला गेला होता. म्हणजे डोंगराखाली काहीतरी हलकं आहे, डोंगराला खाली मूळ आहे, पाण्यात लाकडाचा ओंडका तरंगतो तसा तो तरंगतो. पृथ्वीच्या पोटातली गोष्ट एका दोऱ्याला बांधलेल्या वजनानं सांगितली.

ग्रीनिचलाही असंच झालं. तिथे अंगणात धातूची पट्टी आहे, लोक तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून फोटो काढतात. पण हातातला फोन तिथे शून्य दाखवत नाही. उपग्रहांचं शून्य रेखावृत्त त्या पट्टीच्या १०२ मीटर पूर्वेला आहे. कारण तेच, तिथलाही लंब पृथ्वीच्या मध्याकडे नेमका रोखलेला नव्हता. उपग्रहाला ओळंबा लागत नाही.

मला लागतो. दोऱ्याला नट बांधून मी तो केलाय. गेली काही वर्षं मे महिन्यात मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर बरोबर एक मीटरचा सरळ पाइप ओळंब्यात उभा करते. मे महिनाभर सूर्य महाराष्ट्राच्या डोक्यावरून उत्तरेला चढत असतो. सुरुवातीला सावंतवाडीवर असतो, मग कोल्हापूर, १३ तारखेला पुणं, १५-१६ ला मुंबई, २६ ला नागपूर, आणि महिना सरताना सातपुडा. ज्या दिवशी तो आपल्या गावाच्या बरोबर डोक्यावर येतो त्या दिवशी मध्यान्ही उभ्या वस्तूला सावलीच राहत नाही. पुण्यात १३ मे, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटं. हिंगणघाटात २३ मे, १२ वाजून ११ मिनिटं. दहा दिवसांचा फरक दोन अक्षांशांचा, वीस मिनिटांचा पाच रेखांशांचा. सावलीच्या एकाच निरीक्षणातून दोन्ही आकडे हातात येतात, तारखेतून एक आणि वेळेतून दुसरा. कुठल्याही माणसाला डोळे बांधून मे महिन्यात महाराष्ट्रात कुठेही सोडलं, आणि त्याच्याकडे एक काठी, एक घड्याळ आणि पंचांग असलं, तर वाट बघायच्या तयारीवर तो आपण कुठे आहोत हे सांगू शकेल.

यंदा मी आईला २३ तारखेसाठी तयार केलं. तिनं अंगणात सारवलेल्या सपाट जागेवर पाट्याचा वरवंटा उभा केला. बारशाला पाळण्याजवळ असतो तोच, काळा, घरात तिच्या सासूच्या आधीपासून असलेला. शेजारच्या मुलानं फोन धरला. बारा वाजता सावली वरवंट्याच्या पश्चिमेला जराशी होती. मग ती पायाखाली सरकत गेली. बारा दहा. बारा अकरा. वरवंटा नुसता उभा, आजूबाजूला सगळं पांढरं ऊन.

"गेली वं सावली," आई म्हणाली. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्यानंतर वीस मिनिटांनी माझी पाळी. माझा दिवस दहा दिवसांपूर्वीच होऊन गेला होता, सूर्य आता माझ्या किंचित उत्तरेला होता, म्हणून १२ वाजून ३१ मिनिटांनी पाइपची सावली दक्षिणेला पडली. मोजली. साडेतीन सेंटिमीटर. एक मीटरला साडेतीन सेंटिमीटर म्हणजे दोन अंश. आईकडे शून्य, माझ्याकडे दोन. बावीसशे वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या सावलीवरून हेच केलं होतं. तिथे कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा आला, माझा आला एकशे ऐंशीव्या भागाएवढा. आता फक्त पुण्याच्या आणि हिंगणघाटच्या आडव्या रेषांमधलं अंतर हवं. नकाशावर मोजलं, २२५ किलोमीटर. दोनशे पंचवीस गुणिले एकशे ऐंशी, ४०,५००. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००८ किलोमीटर आहे. आईच्या वरवंट्यानं आणि माझ्या पाइपनं तो जवळजवळ सव्वा टक्क्याच्या आत आणून दिला.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं, पण मला खाली जावंसं वाटेना. ते २२५ किलोमीटर मला नकाशावर पट्टी ठेवून मिळाले होते. ते त्या नकाशात आले कुठून, तर शंभर फुटी साखळीतून, वाकून पुन्हा सरळ झालेल्या त्या पितळी वर्तुळातून, टेकडीवर रात्रभर दिवा धरून उभ्या राहिलेल्या माणसांतून. आणि तो मोजणारा आईच्या अंगणापासून फार लांब नाही.

संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला. तिची पणती लागली होती. माझ्या डब्यांवर ऊन होतं, अजून सतरा मिनिटांचं.

"परत येते का वं अशी बिनसावलीची दुपार?"

"येते ना. सूर्य कर्कवृत्तावरून मागे फिरला की. २० जुलैच्या सुमाराला तुझ्याकडे, मग दहा दिवसांनी माझ्याकडे."

"म्हंजे या टायमाला पयले माह्याकडं."

"हो. पण तेव्हा ढग असतील, आई. पावसाळा."

"असू दे न," ती म्हणाली. "वरवंटा ठेवून पाहू."